मधुमेह : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात मधुमेहाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. काही पत्रांमध्ये एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत असल्याने त्या एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ असून तीन वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. गेले चार महिने मी रोज सकाळी कारल्याचा रस आणि रात्रभर भिजवलेल्या मेथीचे पाणी घेतो. उपाशीपोटीची साखर १६० वरून १२८ वर आली आहे. याच काळात संध्याकाळी पाऊण तास चालायला लागलो आणि वजनही पाच किलोंनी उतरले. आता गोळ्या सोडून केवळ नैसर्गिक उपायांवर राहता येईल का?

उत्तर : आकडा खाली आला याबद्दल आपले अभिनंदन, परंतु त्याचे श्रेय आपण ज्याला देत आहात त्याला ते कितपत द्यावे, याविषयी मला शंका आहे. चालण्याचा आणि वजनाचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी सहज केला आहे, आणि माझ्या मते खरे औषध तेच होते. चालताना स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात, त्यानंतर दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात, आणि पोटाभोवतीची व यकृतातील चरबी कमी झाली की हा प्रतिसाद आणखी सुधारतो. हे सारे एका पेल्यातील रसाने घडत नाही.

मेथी आणि कारले अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. मेथीच्या दाण्यांत विद्राव्य तंतू भरपूर असतात आणि ते आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतात. मात्र दाणे टाकून नुसते पाणी प्यायल्यास या तंतूंचा मोठा भाग दाण्यांबरोबरच जातो, म्हणून घ्यायचीच असेल तर मेथी दाण्यांसकट खावी. कारल्यात साखर कमी करणारे घटक आहेत, परंतु माणसांवरील अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. खरी काळजी निराळीच आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी आपण जेवलात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तिच्या जोडीला सकाळी रिकाम्या पोटी कारल्याचा रस आणि संध्याकाळी पाऊण तासाचे चालणे आले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, अचानक लागलेली भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. चालायला जाताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात.

बाजारात मधुमेहासाठी मिळणाऱ्या वनस्पतींच्या चूर्णांबाबत मात्र मी जास्त कठोर आहे. अशा काही चूर्णांत आधुनिक औषधांच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या आढळल्या आहेत, तर काहींत शिसे आणि पारा सापडला आहे. ज्या पुडीमुळे आठवड्याभरात साखर १०० वर येते, तिच्याविषयी आनंदापेक्षा संशय अधिक वाटायला हवा. दालचिनीचेही तसेच आहे. स्वयंपाकापुरती ती चालेल, परंतु तिच्या स्वस्त जातीत कौमारिन नावाचा घटक जास्त असल्याने रोज चमचाभर पूड खाणे यकृताला सोसवेलच असे नाही.

निसर्ग विरुद्ध रसायन हा वादच मला कृत्रिम वाटतो. आपण सोडू पाहत असलेल्या मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या वनस्पतीत आहे. युरोपात ती पूर्वीपासून औषधी म्हणून वापरात होती. तिच्यातील साखर उतरवणारा घटक विषारी ठरल्यावर त्याच कुळातील सुरक्षित संयुगांचा शोध सुरू झाला आणि १९५७ मध्ये फ्रेंच वैद्य झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहींवरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे ही गोळीही एका वनस्पतीचीच वंशज आहे. फरक इतकाच की तिची मात्रा ठाऊक आहे.

गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी, करून घ्यावी आणि तो अहवाल, वजनाची नोंद व रसाची माहिती असे सर्व काही डॉक्टरांसमोर ठेवावे. आकडा ७ च्या खाली असेल तर आधी ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, असा प्रश्न त्यांना जरूर विचारावा. रसाचा परिणाम खरोखर पाहायचा असेल तर चालणे व आहार तसाच ठेवून दोन आठवडे रस बंद करावा आणि रोज ठरावीक वेळी साखर मोजून वहीत लिहावी. फरक पडला नाही तर उत्तर मिळालेच.

प्रश्न : मी ४७ वर्षांची गृहिणी आहे आणि फक्त मेटफॉर्मिन घेते. जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर १७० च्या आसपास असते, पण सकाळी उपाशीपोटी ती १५० च्या खाली येत नाही. म्हणून मी रात्रीचे जेवण जवळजवळ सोडून दिले, तरीही सकाळचा आकडा तोच. न खाता साखर येते कुठून?

उत्तर : यकृतातून. रात्रभर आपण खात नाही तेव्हा मेंदूला साखर मिळत राहावी म्हणून यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असते. निरोगी शरीरात इन्सुलिन या कामाला लगाम घालते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यकृत त्या लगामाला दाद देत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांसारखी इन्सुलिनच्या विरुद्ध काम करणारी संप्रेरके वाढतात आणि जाग येण्याच्या सुमारास आकडा आणखी चढतो. रात्री उपाशी राहिल्याने यकृताचे हे काम थांबत नाही, उलट दुसऱ्या दिवशी भूक अनावर होते. आपली चूक खाण्यात नव्हती आणि न खाण्याने ती सुधारणारही नाही.

रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करावे, मात्र लवकर आणि बेताचे. ताटाचा अर्धा भाग पिष्टमय नसलेल्या भाज्यांनी भरावा, पाव भागात प्रथिने असावीत आणि उरलेल्या पाव भागात धान्य. आधी भाजी व प्रथिने आणि शेवटी धान्य असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते असे प्रयोगांत दिसले आहे. यासाठी काही नवे शिजवावे लागत नाही, म्हणून हा उपाय मला विशेष आवडतो. त्यानंतर दहा मिनिटे चालावे. दिवसातून एकदा सलग ३० मिनिटे चालणे आणि तिन्ही मुख्य जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालणे यांची तुलना ४१ मधुमेहींवर केली गेली, तेव्हा दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि संध्याकाळच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे ही त्याची चांगली सुरुवात आहे.

झोप अपुरी होत असेल, किंवा घोरताना मध्येच श्वास अडत असल्याचे घरच्यांनी सांगितले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यानेही सकाळची साखर वाढते. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी मात्र हे उत्तर वाचून थांबू नये. त्यांनी दोन रात्री पहाटे तीन वाजता साखर तपासून तो आकडा डॉक्टरांना दाखवावा आणि इन्सुलिन घेऊन जेवण कधीही टाळू नये.

प्रश्न : साखरेऐवजी मध वापरला तर चालेल का? तो नैसर्गिक आहे.

उत्तर : मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते आणि रक्तातील साखर त्यानेही वाढते. मध साखरेपेक्षा जड असल्याने चमच्याला चमचा घेतल्यास त्याने साखर कमी पोटात जात नाही, उलट थोडी जास्तच जाते. गोड हवेच असेल तर फळ खावे, फळांचा रस पिऊ नये.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री तळपायांची आग होते आणि दिवसा पाय बधिर वाटतात. आम्ही तेलाने मालीश करतो आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसवतो. आणखी कोणता घरगुती उपाय करावा? त्यांनी चालावे का?

उत्तर : गरम पाणी आजपासून बंद करावे. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही. फोड उठतो, तो दिसत नाही, आणि पुढे त्यातूनच पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गरम पिशवी आणि हीटरजवळ पाय शेकणे यांनाही हाच नियम लागू आहे.

मालीश करायला हरकत नाही, परंतु बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये, कारण तिथल्या ओलाव्यात बुरशी वाढते. खरा घरगुती उपाय म्हणजे रोज रात्री उजेडात दोन्ही पाय तपासणे. त्यांना वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरावा किंवा घरातील कोणीतरी पाहावे. चीर, फोड, रंगातील बदल, घट्टे आणि बोटांच्या मधली पांढरी पडलेली त्वचा शोधावी. घरातही अनवाणी चालू देऊ नये आणि पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे. घट्टा ब्लेडने कापू नये. एक पाय अचानक लाल, सुजलेला आणि गरम झाला, पण दुखत मात्र नसेल, तर त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; न दुखणे हे तिथे चांगले लक्षण नसते.

या त्रासाला साखर जबाबदार असण्याची शक्यता मोठी आहे, तरी आणखी एक कारण तपासावे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांत मुंग्या व आग होते. ही कमतरता भरून काढता येते, म्हणून रक्ताची चाचणी करावी. आग असह्य होत असेल तर मज्जातंतूंच्या वेदनेसाठी वेगळी औषधे आहेत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांतील अनेक मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

पायाला जखम नसेल तर मऊ, मापाच्या बुटांतून सपाट जागी त्यांनी अवश्य चालावे. जखम असेल तर ती भरेपर्यंत बसून हातांचे व्यायाम करावेत. जड वजन उचलण्यापूर्वी दृष्टिपटलाची तपासणी झालेली असावी, कारण मधुमेहामुळे तिथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असल्यास जोर लावताना त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणीही दरवर्षी करावी आणि मूत्रपिंडे थकलेली आढळल्यास प्रथिनांच्या पावडरी व भस्मे दूर ठेवावीत. या वयात एचबीए१सी ८ च्या आत राहिले तरी अनेकदा पुरेसे मानले जाते. ते ६.५ वर आणण्याच्या हट्टात रात्री साखर घसरून वडील पडले, तर नुकसान जास्त होईल.

प्रश्न : माझे वय ३९, वजन ९२ किलो. आठ महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. आहार आणि व्यायामाने तो कायमचा बरा होतो असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : ‘कायमचा’ हा शब्द वगळल्यास बऱ्याच अंशी खरे आहे. गोळ्यांशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिल्यास मधुमेह माघारी गेला असे म्हणतात. ब्रिटनमधील डायरेक्ट नावाच्या अभ्यासात निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला होता. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, म्हणजे वजन परत चढले की आजारही परततो.

आपल्या बाबतीत वय आणि निदानाचा अल्प काळ या दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत, म्हणून प्रयत्न जरूर करावा, मात्र इतका कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीविना सुरू करू नये, कारण साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा पहिल्याच दिवसापासून बदलावी लागू शकते. हे सारे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहापुरते आहे. पहिल्या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवतच नाही, आणि कोणाच्याही सांगण्यावरून ते थांबवणे काही दिवसांतच जिवावर बेतते. आपला मधुमेह माघारी गेलाच, तर एचबीए१सी वर्षातून किमान एकदा तपासत राहावे आणि डोळ्यांची, पायांची व लघवीची वार्षिक तपासणी चालू ठेवावी.