अर्धशिशी असली म्हणजे पक्षाघात होतोच का?

‘अर्धशिशी अंगावर काढली की पुढे लकवा मारतो’ हे वाक्य सोलापुरात समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक जणींच्या तोंडी असते. पूर्व भागातील गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या चौतिशीतल्या एका बाईंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ते मावससासूंना पक्षाघात झाल्यावर ऐकले आणि तेव्हापासून डोके ठणकू लागले की त्या आरशासमोर उभ्या राहून तोंड वाकडे झाले नाही ना, हे पाहू लागल्या. माझ्याशी बोलतानाही डाव्या हाताची मूठ वळते की नाही हे तपासणे चालूच होते.

‘काही होत नाही हो’ असे म्हणून त्यांची बोळवण करता आली असती, परंतु ते पूर्ण खरे ठरले नसते. मी त्यांना डोके दुखण्याआधी काय होते, ते विचारले. सुईजवळ चमचमणारी नागमोडी रेघ दिसू लागते, ती हळूहळू पसरून कापडावरची टीप दिसेनाशी होते आणि अर्ध्या तासाने रेघ विरून डोके धरते, असे त्यांनी सांगितले. डॉक्टर या पूर्वलक्षणांना ‘ऑरा’ म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. ऑरा नसलेल्या अर्धशिशीत हा संबंध तितका स्पष्ट नाही. मात्र तरुण वयात हा धोका मुळातच इतका अल्प असतो की, दुप्पट होऊनही तो अल्पच राहतो. हे वाक्य मी त्यांना दोनदा सांगितले, कारण घाबरलेल्या माणसाला त्यातले ‘दुप्पट’ एवढेच ऐकू येते.

खरी काळजीची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कित्येक महिने चालू होत्या. इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्या ऑरा असलेल्या स्त्रीने कोणत्याही वयात घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यात धूम्रपानाची भर पडली तर धोका आणखी वाढतो. औषध बदलणे हे माझे काम नव्हे, म्हणून त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि नंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या बंद होऊन तांबी बसवली गेली. बाई विडी ओढत नसत, पण मिश्री लावत. निकोटिनने रक्तदाब वाढतो म्हणून तीही सोडायला सांगण्यात आली.

आरसा सुटावा यासाठी ऑरा आणि पक्षाघात यांतील फरक नीट कळणे आवश्यक होते. ऑरा सावकाश पसरतो आणि बहुधा तासाभरात ओसरतो. पक्षाघातात तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे हे एकाएकी घडते. तसे झाले, किंवा नेहमीपेक्षा वेगळे काही जाणवले, तर झोपून वाट न पाहता 108 ला फोन करायचा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. हे त्यांच्या यजमानांनाही बोलावून सांगितले. ऐन वेळी फोन त्यांनाच करावा लागणार.

डोकेदुखी थांबलेली नाही, आरशाकडे धाव घेणे मात्र कमी झाले आहे. मावससासूंचा पक्षाघात वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या रक्तदाबामुळे झाला होता, हे चौकशीत कळल्यावर पुढच्या भेटीला बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. सासूबाईंनाही रक्तदाब होता आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती. त्या दिवशीचा बहुतेक वेळ त्यांच्याशी बोलण्यातच गेला.