कॉल आलाय ना, मग आता पाठांतर बंद

अरे, मेल वाचला. मस्त बातमी! एमबीएच्या मुलाखतीचा कॉल आला म्हणजे तुझे मार्क, जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, अर्जातले निबंध सगळं बघून झालंय कॉलेजवाल्यांचं आणि तरी भेटायचंय म्हणतायत, तेव्हा स्कोअर कमी आहे हे रडगाणं आता पुरे. आणि ती प्रश्नोत्तरांची भली मोठी फाइल पाठवलीयस ना, ती पण बाजूला ठेव. लिहिलंयस चांगलं, पण बोलताना असं कुणी बोलत नाही, आणि हा घोकून आलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

आधी एक शोधून काढ, समोर बसणाऱ्याने तुझं काय काय वाचलेलं असणार. सगळ्या बिझनेस स्कूलमध्ये सारखं नसतं. हार्वर्डला तुझा अख्खा अर्ज वाचून बसलेले असतात आणि अर्धा तास त्यातलंच उकरतात, तिथे निबंधातली गोष्ट परत सांगत बसलास तर वेळ फुकट. शिकागो बूथला समोर फक्त रेझ्युमे असतो, म्हणजे तीच गोष्ट तिथे पहिल्यापासून सांगावी लागते. इन्सिअ‍ॅडला माजी विद्यार्थी मुलाखत घेतात, तीही एक नाही, दोन. व्हार्टनचा तर प्रकारच वेगळा, पाच-सहा जणांना एकत्र बसवून चर्चा करायला लावतात आणि मग थोडा वेळ एकेकट्याशी बोलतात. त्या चर्चेत जास्त बोललं की झालं असं वाटतं पोरांना, मला तरी दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेणारा आणि वेळ संपत आलीय हे ध्यानात ठेवणारा जास्त कामाचा वाटतो.

आता तुझा रेझ्युमे. त्यात ओळ आहे, सहा जणांची टीम सांभाळून ऑर्डर पोचायचा वेळ ३० टक्क्यांनी कमी केला. दिसायला झकास. पण ३० टक्के कशाच्या तुलनेत? मोजलं कुणी? सहातल्या कुणाला पटत नव्हतं आणि त्याला तू काय म्हणालास? परवा फोनवर हेच विचारलं तर प्रत्येक वेळी "आम्ही केलं, आम्ही ठरवलं". मग मी खोदून विचारल्यावर कुठे बाहेर आलं की एकच फॉर्म दोन डिपार्टमेंट वेगवेगळा भरत होती आणि तू दुपारभर त्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलास तेव्हा ते तुझ्या लक्षात आलं. अरे हेच सांग ना आधी! ती खुर्ची म्हणजे तू, ३० टक्के काय कुणीही लिहितं. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीचं असंच कर, मागचा माणूस दिसेपर्यंत स्वतःलाच विचारत रहा.

उत्तर मांडायची ती स्टार (STAR) पद्धत वापर हवं तर, म्हणजे क्रमाने परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल, वाईट नाहीये. फक्त लोक परिस्थिती सांगण्यातच अडकतात, ती दोन वाक्यांत उरक आणि कृतीवर ये.

एमबीए का, आत्ताच का आणि इथेच का, हे विचारणारच. "इथेच का"ला वेबसाइटवरच्या कोर्सची नावं म्हणून दाखवू नकोस, कॉलेजचं नाव बदलून तेच उत्तर दुसरीकडे खपत असेल तर ते उत्तरच नाही. तुला हातातलं काम सोडून जे करायचंय त्यासाठी नेमकं काय येत नाही, तिथून सुरुवात कर. कमतरता विचारली तर मी परफेक्शनिस्ट आहे म्हणू नकोस, प्लीज. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हण, थाप मारलीस की पुढचा प्रश्न नेमका तिथेच येतो.

शेवटी काही विचारायचंय का म्हणतील. पगाराचे आकडे नको विचारूस, ते साइटवर असतात. समोर माजी विद्यार्थी असेल तर तिथे गेल्यावर त्याचं कशाबद्दलचं मत बदललं ते विचार, आणि मग ऐक नीट, पुढचा प्रश्न त्यातूनच सुचेल.

रविवारी कॉल करू. रेझ्युमे समोर ठेवायचा नाही, मी "मग?" आणि "का?" एवढंच विचारणार आहे.