फोकसची दांडी अडकते, म्हणजे लेन्स बिघडली का?

प्रश्न: मी जुनी स्क्रू माउंटची, म्हणजे आट्यांवर फिरवून कॅमेऱ्याला बसवायची, ५० मिमी लेन्स घेतली आहे. फोकसची दांडी इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या फोकसला, नेली की टक् करून अडकते आणि तिच्यावरचं छोटं बटण दाबल्याशिवाय हलतच नाही. बिघाड आहे का? पटकन फोटो घ्यायचा असला की फार खोळंबा होतो, ते लॉक काढून टाकू का?

उत्तर: बिघाड अजिबात नाही, हे इन्फिनिटी लॉक आहे आणि टक् आवाज येतोय म्हणजे स्प्रिंग अजून छान जिवंत आहे. पहिला लायका कॅमेरा १९२५ साली आला तेव्हापासून ही सोय दिसते, पुढे कॅनन, निक्कोर वगैरेंच्या बऱ्याच स्क्रू माउंट लेन्सवरही आली. याचं काम असं की लेन्स बसवताना, काढताना किंवा नळी कॅमेऱ्यात आत ढकलता येणारी लेन्स असेल तर ती नळी ओढून फिरवून पक्की करताना फोकसचा भाग सोबत फिरत बसत नाही, एका जागी धरून राहतो, नाहीतर तुम्ही लेन्स फिरवताय की फोकस हेच कळत नाही. जुन्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांमध्ये आणि निकॉनच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांमध्ये (वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) तर हे लॉक बॉडीवरच असतं, कारण ५० मिमी लेन्सला फोकस करणारे आटे तिथे बॉडीतच असतात, म्हणून लेन्स काढायच्या आधी इन्फिनिटीला लॉक करावंच लागतं.

त्यामुळे काढून टाकू नका, कृपया. खोळंबा होतो तो लॉकमुळे कमी आणि दरवेळी इन्फिनिटीवरून सुरुवात करायच्या सवयीमुळे जास्त. बाहेर पडलात की बटण दाबून दांडी आधीच सोडवून ठेवा आणि अंदाजे ५ मीटरवर आणून ठेवा, ५० मिमीला एफ ८ अपर्चरवर (लेन्सचं भोक बरंच लहान केल्यावर) साधारण साडेतीन ते नऊ मीटरपर्यंतचं फोकसमध्ये चालून जातं, आणि ३५ मिमी असेल तर त्याच ५ मीटरवर अडीच मीटरपासून जवळजवळ इन्फिनिटीपर्यंत सगळं येतं. मग बटणाला हात लावायची वेळच फारशी येत नाही.

प्रश्न: माझी लेन्स आत ढकलता येणारी आहे. रेंजफाइंडरमध्ये दोन्ही प्रतिमा अगदी जुळत होत्या, दांडीही नीट चालत होती, तरी अख्खा रोल धूसर आला. असं कसं?

उत्तर: बहुतेक नळी पूर्ण बाहेर ओढून फिरवून लॉक केलेली नसणार. इथे दोन वेगळी लॉक आहेत, एक फोकसचं आणि एक नळीचं, आणि पहिलं व्यवस्थित असलं म्हणून दुसरं लागलंय असं समजू नका. रेंजफाइंडर लेन्समधून बघतच नाही, त्याला माहिती मिळते ती लेन्सच्या मागच्या रिंगकडून, आणि नळी आत असो वा बाहेर ती रिंग दांडीबरोबर तशीच हलते, म्हणून प्रतिमा जुळते आणि फिल्मवर मात्र धूसर येतं. नळी ओढा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा, थांबेल तिथपर्यंत, आणि मग बोटाने हलकेच आत दाबून बघा, जरासुद्धा सरकली नाही पाहिजे.

प्रश्न: बटण दाबलं तरी दांडी जाम आहे. तेल सोडू का?

उत्तर: नको नको, तेल पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर आणि काचेवर पसरतं, ते साफ करायला लेन्स पूर्ण उघडावी लागते. बहुतेक वेळा आतलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. जोर लावून दांडी फिरवली तर स्क्रू माउंटची अख्खी लेन्सच बॉडीतून सुटायला लागते नाहीतर दांडीचा स्क्रू ढिला होतो, तेव्हा लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, हातात घेऊन बटण पूर्ण खाली जातंय का ते बघा, खाली जात नसेल तर कचरा किंवा स्प्रिंगचा प्रश्न आहे, खाली जाऊनही दांडी जाम असेल तर ग्रीसचा, आणि दोन्हीसाठी जुन्या लेन्स उघडणाऱ्या माणसाकडेच द्या.