‘हिस्ट्री ऑफ’ लिहिलंय, मग कोड कुठला लावू?

प्रश्न : ताई, मी पुण्यात अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट कोड करते, म्हणजे नोटमधल्या आजारांना आयसीडी-१०-सीएमचे कोड लावते, ऑन्कोलॉजीवर (कॅन्सरच्या चार्टवर) नवीनच आलेय. एका ओपीडी नोटमध्ये डॉक्टरांनी लिहिलंय, ‘हिस्ट्री ऑफ फॉलिक्युलर लिम्फोमा ग्रेड वन, पेट निगेटिव्ह, मेंटेनन्स रितुक्सिमॅब चालू’. मी सी८२, म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचाच कोड लावला तर ऑडिटमध्ये एरर काढली, म्हणे हिस्ट्री आहे ना, मग झेड८५.७२ (असा लिम्फोमा पूर्वी होऊन गेल्याचा, ‘पर्सनल हिस्ट्री’चा कोड) लाव. नक्की बरोबर काय?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : झेड८५.७२ इथे बसत नाही, आणि ही एरर मान्य करू नका, रिबटल (लेखी हरकत) टाका. बरेच डॉक्टर ‘हिस्ट्री ऑफ’ सवयीने लिहितात, पेशंटला हा आजार आधीपासून आहे एवढंच त्यांना म्हणायचं असतं. इथे तर त्याच ओळीत रितुक्सिमॅब चालू आहे, म्हणजे लिम्फोमावरचीच ट्रीटमेंट चालू आहे, मग ती पर्सनल हिस्ट्री कशी होईल?

हा आजारच तसा आहे हो. हळूहळू वाढतो, औषधाने दबतो, पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) क्लीन येतो आणि काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो, कधी तर डिफ्यूज लार्ज बी-सेल या वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमामध्ये बदलतो, तेव्हा कोड सी८३.३ मध्ये जातो. म्हणून रेमिशनमधला, म्हणजे दबलेला, लिम्फोमा हा कोडिंगमध्ये लिम्फोमाच धरतात. आधी त्याला वेगळा कोड नव्हता, १ ऑक्टोबर २०२४ पासून आलाय, ग्रेड वनला सी८२.०ए. डेट ऑफ सर्व्हिस (पेशंटला तपासल्याची तारीख) त्याच्या आधीची असेल तर ‘ए’ चालणार नाही, हे आधी बघा.

कोडच्या पाचव्या जागेवर एरवी साइट (आजार शरीरात कुठे आहे ते) येते, १ म्हणजे डोकं-मान, ४ काख, ५ जांघ, ८ म्हणजे एकाहून जास्त ठिकाणी. रेमिशनमध्ये त्या जागी ‘ए’ बसतो, साइटचा आकडा राहतच नाही. आणि हो, मानेत आणि काखेत दोन्हीकडे गाठी असल्या तरी सेकंडरीचा, म्हणजे दुसरीकडून गाठींत पसरलेल्या कॅन्सरचा, सी७७ लावू नका, ८ लावा.

पण पेट निगेटिव्ह दिसला म्हणून तुम्ही स्वतःच रेमिशन ठरवायचं नाही, ते डॉक्टरांनी लिहायला हवं. तुमच्या नोटमध्ये ते नाहीये, त्यामुळे डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) पाठवा. ‘पेशंट रेमिशनमध्ये आहे ना?’ असं विचारलं तर ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी, क्वेरी झाली. नोटमधली ओळ जशीच्या तशी द्या आणि सध्याचं स्टेटस विचारा, पर्याय द्या : ॲक्टिव्ह, रेमिशन, पर्सनल हिस्ट्री, इतर काही, सांगता येत नाही. पैशाचा विषय क्वेरीत अजिबात आणू नका. उत्तर रेमिशन आलं तर सी८२.०ए, आणि पेशंट फक्त रितुक्सिमॅब घ्यायला आला असेल तर पहिला कोड झेड५१.१२ (कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीसाठी आल्याचा), मग हा.

अजून एक, ‘वॉच अँड वेट’ लिहिलेलं दिसलं की काही जण तेही रेमिशनमध्ये टाकतात, ते अगदी चुकीचं आहे. तिथे आजार अंगात आहे, फक्त ट्रीटमेंट अजून सुरू केलेली नाही, त्यामुळे साइटचाच आकडा लावायचा.