दातांच्या एक्स-रेवरून इनॅमल (दातावरचं कठीण आवरण) किती उरलंय ते मोजता येतं का?

अंदाज येतो, नेमकं माप मिळत नाही. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, म्हणून एक्स-रेमध्ये ते दातावर चढवलेल्या पांढऱ्या टोपीसारखं दिसतं. डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, करडं दिसतं. दोन दातांमधल्या फटीकडची जाडी बाइटविंग एक्स-रेमध्ये (तोंडात ठेवलेली पट्टी दातांनी चावून धरून काढतात तो) बरी कळते. गालाकडची आणि जिभेकडची बाजू मात्र एकमेकींवर पडते, त्यातलं काही वेगळं काढता येत नाही. शिवाय दाढेच्या टोकावरही इनॅमल जेमतेम अडीच मिलिमीटर! किरणांचा कोन जरा कलला की आकडा बदलतो. झीज वाढतेय का हे बघायचं तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष केलेली तपासणी आणि काही महिन्यांनी पुन्हा काढलेले साधे कॅमेऱ्याचे फोटो जास्त उपयोगी. निव्वळ मोजमापासाठी सारखे एक्स-रे काढू नका, कृपया.