पाण्याच्या पंपाचे जादा रबरी सील आणि ओ-रिंगा मुंबईत कशा साठवाव्यात?

सोसायटीच्या पंपासाठी आणलेले जादा सील आणि ओ-रिंगा पंपघरात खिळ्याला न टांगता, मूळ पाकिटातच, ताण किंवा घडी न पडू देता, बंद डब्यात घालून कार्यालयातील कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. पंपघरातील स्टार्टरमध्ये (पंप चालू-बंद करणाऱ्या विद्युत पेटीत) उडणाऱ्या ठिणग्यांमुळे ओझोन वायू तयार होतो आणि तो ताणलेल्या रबराला आधी चिरतो. खिळ्यावरची रिंग बोटांनी वाकवून पाहिल्यास बारीक आडव्या भेगा स्पष्ट दिसतात. रबरी वस्तूंच्या साठवणीसाठीच्या आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साठवणीचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आत असावे आणि अशा स्थितीत नायट्राइल रबर (अशा सील-रिंगांसाठी नेहमी वापरले जाणारे कृत्रिम रबर) साधारण ७ वर्षे टिकते. मात्र मुंबईच्या उकाड्यात तेवढा भरवसा धरू नये. पाकिटावरची तारीख पाहून जुना माल आधी वापरावा.