ओकावांगो आणि मकगाडीकगाडी एकाच खेपेत: जुलै की फेब्रुवारी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मसाई मारा करून झालंय, आता बोत्स्वाना. ओकावांगो नदीच्या डेल्टात मोकोरोतून (म्हणजे तिथल्या डोंगीतून) फिरायचं आहे, मकगाडीकगाडीच्या कोरड्या पॅनवर (म्हणजे क्षारांच्या सपाट मैदानावर) चालायचं आहे, फ्लेमिंगोंचे थवे आणि झेब्र्यांचं स्थलांतरही बघायचं आहे. सोबत गुडघेदुखी असलेली सत्तरीतली आई, सगळे शाकाहारी. आणि एजंट म्हणतो, जुलैत या, सगळं दिसेल.

सगळं दिसणार नाही. या चार गोष्टी एका हंगामात बसत नाहीत. का बसत नाहीत हे एकदा नीट कळलं की तारखा, मुक्काम आणि खर्च तुम्हीच ठरवू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओकावांगोचं पाणी बोत्स्वानातलं नाही. ते अंगोलाच्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत पडतं, कुबांगो आणि क्विटो या नद्यांतून खाली येतं, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडतं आणि मोहेंबोपाशी बोत्स्वानात शिरतं. पुढे जमीन इतकी सपाट की अडीचशे किलोमीटरांत उतार जेमतेम साठ-पासष्ट मीटर. त्यात पपायरस या उंच पाणगवताची दाटी. त्यामुळे हा पूर रोरावत येत नाही, झिरपत, पसरत, महिनोन् महिने सरकतो. डेल्टाच्या वरच्या चिंचोळ्या भागात (त्याला पॅनहँडल म्हणतात) मार्च-एप्रिलमध्ये पाणी चढतं, आणि खाली मौन गावापर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. तोवर तिथला स्वतःचा पावसाळा संपून दोन-तीन महिने झालेले असतात. चहूकडे कालाहारी सुकून चाललेली आणि मधोमध पाणी वाढतंय, अशी ही उलटी वेळ आहे. जनावरं डेल्टाकडे गोळा होतात ती याचमुळे.

मकगाडीकगाडीचं नेमकं उलटं. तिथे पाणी येतं ते मुख्यतः तिथल्याच पावसाचं, नोव्हेंबर ते मार्च. पॅनवर वीतभर पाणी साचतं, कडेला गवत उगवतं, झेब्रे आणि विल्डबीस्ट त्या गवतावर येतात, फ्लेमिंगो त्या पाण्यावर. पण याच दिवसांत पॅनचा चिखल झालेला असतो, गाडी आत नेता येत नाही आणि क्वाड बाइक बंद असतात. एप्रिलनंतर पॅन वाळू लागतं, पक्षी निघून जातात, आणि मग ते पांढरं अफाट मैदान उरतं ज्याचे फोटो तुम्ही पाहिले आहेत.

तेव्हा जुलैत पाण्याने भरलेला डेल्टा आणि कोरडं पॅन. फेब्रुवारीत फ्लेमिंगो, पॅनवरचे झेब्रे, आणि डेल्टात पाणी कमी, गवत उंच, प्राणी विखुरलेले.

मी दोन्ही ऋतूंत तिथे गेलो आहे, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी डोळे झाकून जूनअखेर ते ऑगस्टमध्य असं सांगतो. फ्लेमिंगो आपल्याला भिगवणला, ठाण्याच्या खाडीत बघायला मिळतात. वाळवंटाच्या पोटात चढत जाणारं गोडं पाणी मात्र दुसरीकडे सहजी मिळत नाही. पक्षी हाच तुमचा मुख्य ओढा असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल. मकगाडीकगाडीतल्या सुआ पॅनवर मोठे आणि लहान दोन्ही रोहित (फ्लेमिंगो) नुसते चरायला येत नाहीत, पाऊस चांगला झाला तर तिथे वीण होते, आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात लहान रोहितांच्या विणीच्या जागा अगदी मोजक्या आहेत. मग फेब्रुवारी-मार्च धरा आणि गावकऱ्यांनी चालवलेल्या नाटा पक्षी अभयारण्यात राहा.

झेब्र्यांसाठी मात्र जुलैतही मार्ग आहे, आणि तो एजंटने तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. मकगाडीकगाडी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम हद्दीवरून बोटेती नदी जाते. कोरड्या दिवसांत पॅनवर पाणी उरत नाही, तेव्हा झेब्रे याच नदीवर येतात. खुमागा गावाजवळच्या काठावर दुपारी नुसतं बसून राहायचं. रांगा लावून, धूळ उडवत, एकमेकांना चावत-ढकलत ते पाण्यावर उतरतात. ही नदीही डेल्टाचीच लेक आहे. ओकावांगोत शिरलेल्या पाण्यापैकी सुमारे 98 टक्के ऊन आणि झाडं मिळून पिऊन टाकतात. उरलेलं थोडंसं तामालाकाने नदीतून बोटेतीत येतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ दोन दशकं ती कोरडी होती. 2008-09च्या सुमारास पाणी परत आलं.

झेब्र्यांची दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. गुरांना रानम्हशींकडून रोग लागू नये म्हणून 1968मध्ये डेल्टाच्या कडेने तारेचं कुंपण घातलं गेलं आणि ओकावांगो ते मकगाडीकगाडी ही झेब्र्यांची वाट बंद पडली. 2004मध्ये ते कुंपण काढलं. छत्तीस वर्षं म्हणजे झेब्र्यांच्या कित्येक पिढ्या. ती वाट पाहिलेला एकही झेब्रा हयात असणं शक्य नव्हतं. तरी थोड्याच वर्षांत गळ्यात जीपीएस पट्टे लावलेले झेब्रे पावसाच्या मागोमाग पुन्हा पॅनकडे जाताना सापडले. कुंपणं अजूनही पुष्कळ आहेत. मौनहून पूर्वेला जाताना पशुवैद्यकीय नाक्यावर गाडी थांबवतात, कच्चं मांस आहे का विचारतात, बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात. तिथे कुरकुर करू नका. लाळ्या-खुरकुताची साथ म्हणजे काय हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आता डेल्टा. मोकोरो पूर्वी सॉसेज ट्री किंवा जॅकलबेरीचं अख्खं खोड कोरून करत. हल्ली जुनी झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरचे असतात. मागे उभा असलेला पोलर लांब काठी तळाशी रोवून डोंगी ढकलतो. तुम्ही तळाशी बसलेले, पाणी कडेपासून वीतभर खाली, कमळांची पानं कोपराला घासतात, आणि वेताच्या काडीवर चिकटलेला बोटाच्या पेराएवढा बेडूक नाकासमोरून जातो. मोठी जनावरं दिसतील म्हणून मोकोरोत बसू नका. पोलर मुद्दाम उथळ वाटांनी नेतो, कारण खोल पाण्यात पाणघोडे असतात, आणि त्याने परत फिरायचं म्हटलं की वाद घालायचा नाही.

मोकोरोवाले वाटेत एखाद्या बेटावर उतरवून चालायला नेतात. तिथे एक गोष्ट नक्की बघा: बेटाच्या कडेकडेने दाट, उंच झाडं, आत गेलं की ताडासारखी इलाला पामची झाडं, आणखी आत नुसतं टोचरं गवत, आणि मधोमध काहीच नाही, फक्त पांढरी भुकटी. बोटाला लावून चाखली तर खाण्याच्या सोड्यासारखी लागते. बरीच बेटं मुळात वाळवीच्या वारुळांवर उभी राहिली. कडेची झाडं रात्रंदिवस पाणी ओढतात, भोवतालचं पाणी बेटाखाली खेचलं जातं, झाडं पाणी घेतात आणि क्षार मागे ठेवतात. ते क्षार बेटाच्या पोटात साठत जातात, भोवतालचं पाणी गोडं राहतं. एवढ्या पाण्याची वाफ होऊनही हा डेल्टा खारट का झाला नाही, याचं उत्तर त्या भुकटीत आहे. म्हणूनच मला डेल्टा आणि पॅन अशा दोन वेगळ्या सहली वाटत नाहीत. पॅन म्हणजे एका प्रचंड प्राचीन सरोवराचा तळ. जमिनीच्या हालचालींनी नद्यांच्या वाटा बदलल्या, पाणी तुटलं आणि क्षार उघडे पडले. डेल्टात जे बेटाखाली लपून चाललंय ते पॅनवर क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं. एक पाहून दुसरं सोडलं तर अर्धीच गोष्ट कळते.

पॅनवर काय करायचं? दिवसा फार काही नाही. पहाटे ग्वेटा गावाजवळच्या कॅम्पांमधून माणसांना सरावलेल्या मीरकॅट्सकडे (मुंगसाच्या जातीचे छोटे प्राणी) नेतात. स्थिर बसलात तर टेहळणीसाठी उंच जागा म्हणून एखादं थेट खांद्यावर चढतं. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. खरं पॅन संध्याकाळनंतरचं. गाइडला सांगून गाडीपासून दूर चालत जा, इंजिन बंद ठेवायला सांगा, पाठीवर पडा. जुलैत आकाश निरभ्र असतं आणि आकाशगंगेचा मधला भाग जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे तो दक्षिणेला खाली राहतो.

कुबू बेट, म्हणजे ग्रॅनाइटच्या टेकाडावरची गोरखचिंचेची (बाओबाबची) झाडं, सुआ पॅनच्या नैऋत्य काठावर आहे. अप्रतिम जागा, पण रस्ता लांबचा आणि धक्क्यांचा. आई सोबत असताना मी ते सोडेन. त्याऐवजी न्क्साय पॅन उद्यानातले बेन्स बाओबाब बघा. थॉमस बेन्स या चित्रकाराने 1862मध्ये त्यांचं चित्र काढलं होतं आणि तो झाडांचा पुंजका आजही ओळखू येतो. जुन्या लेखांत चॅपमन बाओबाब वाचाल, तर तो जानेवारी 2016मध्ये कोसळला आहे.

स्वतः गाडी घेऊन पॅनवर जायचा बेत असेल तर माझा स्पष्ट विरोध आहे. वरची खपली कोरडी ठणठणीत दिसते आणि खाली चिखल असतो. चाक रुतलं की मदत यायला दिवस जाऊ शकतो. शिवाय नव्या जागी उमटलेले टायरचे व्रण वर्षानुवर्षं बुजत नाहीत.

आईंबद्दल. मोकोरोत बसणं-उठणं हे जमिनीवर बसण्या-उठण्यासारखंच आहे, आणि तेही हलणाऱ्या डोंगीत. त्यांना तो ताण देऊ नका. कॅम्पला आधीच विचारा: मोटरबोट आहे का, तंबूला पायऱ्या किती, उघड्या जीपमध्ये चढायला पायरी मिळते का. मोटरबोट सगळीकडे नसते. आणि मौनहून छोट्या विमानाची तासाभराची फेरी त्यांना नक्की घडवा. वरून पांढऱ्या पोटाची ती बेटं, पाणघोड्यांनी वेतातून पाडलेल्या वाटा, पाण्यात उभे हत्ती, सगळं एका नजरेत येतं. तुम्ही मोकोरोत असाल तेव्हा त्यांना काही हुकल्यासारखं वाटणार नाही.

क्रम असा लावा: मौनला उतरून रस्त्याने ग्वेटाकडे दोन रात्री, परत येताना बोटेतीवर दोन, मग मौनहून छोट्या विमानाने डेल्टात तीन. कॅम्प निवडताना "जुलैत मोकोरो आणि जीप दोन्ही होतं का" हा प्रश्न लेखी विचारा. काही कॅम्प पूर्ण पाण्यातले असतात, तिथे सिंह-चित्ते दिसण्याची आशा कमी. पूर दरवर्षी सारखा नसतो हेही ध्यानात ठेवा. 2019मध्ये तो फारच तोकडा होता. पैसे जपायचे असतील तर मौनहूनच गावकऱ्यांच्या ट्रस्टतर्फे मोकोरोची दिवसाची सहल मिळते, आणि ते पैसे थेट पोलरांच्या गावांत जातात.

सामान मऊ पिशवीतच, चाकांची कडक बॅग छोट्या विमानात घेत नाहीत. वजनाची मर्यादा कॅमेऱ्यासकट साधारण 15 ते 20 किलो. थंडीला हलकं घेऊ नका: जुलैत पॅनवर पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि जीप उघडी असते, कानटोपी-हातमोजे सगळ्यांना हवेत. जेवणाचं सोपं आहे, फक्त "व्हेजिटेरियन" एवढंच न लिहिता अंडं, मासे, चिकन स्टॉक चालत नाही असं सुटं लिहून द्या. मक्याच्या पिठाची घट्ट उकड (तिथे तिला "पाप" म्हणतात) आणि चवळीच्या पाल्याची मोरोगो भाजी मागून घ्या, आईंना आवडेल. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, आणि हे तिकीट काढण्याआधी बघा. बोत्स्वानात यलो फीव्हर (पीतज्वर) नाही, पण मुंबईहून स्वस्त विमानं बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात, आणि ते देश यलो फीव्हरचा धोका असलेल्यांच्या यादीत आहेत. अशा देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि साठीपुढच्या माणसांना ही लस द्यावी की नाही हे डॉक्टर तब्येत बघून ठरवतात. मसाई माराच्या वेळी घेतलेली असेल तर ती आयुष्यभर चालते, पिवळं कार्ड शोधून ठेवा. आईंनी घेतलेली नसेल, तर त्या दोन्ही शहरांना टाळणारं तिकीट जरा महाग पडलं तरी तेच काढा.